पहिल्या खेपेला शुगर निघाली, दुसऱ्या खेपेआधी तपासणार कोण?

आगरदांडा (ता. मुरूड, जि. रायगड) : पहिल्या बाळंतपणात शुगर वाढली होती. पथ्य केलं, औषध घेतलं, बाळ सुखरूप झालं आणि शुगरही उतरली. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन-तीन वर्षांनी त्याच बाईला पुन्हा दिवस राहतात. आता शुगर परत येणार का? ती येऊ नये म्हणून आधीच काही करता येतं का? किनारपट्टीच्या गावांत हा प्रश्न पडतो, पण तो बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यात. खरं तर तो पाळी चुकायच्या आधी पडायला हवा.

हा विषय आता जागतिक पातळीवरही आलाय. १४ नोव्हेंबर २०२५ ला, म्हणजे जागतिक मधुमेह दिनी, जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपणातल्या मधुमेहाबाबत पहिल्यांदाच स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २७ शिफारशी आहेत. संघटनेच्या हिशोबाप्रमाणे जगात दर सहा गरोदरपणांमागे एकात रक्तातली साखर वाढलेली असते. वर्षाला हा आकडा सुमारे २ कोटी १० लाख महिलांवर जातो. आपल्या देशात मात्र अशा सूचना २०१४ पासूनच आहेत, २०१८ मध्ये त्या सुधारल्याही गेल्या. म्हणजे नियमांची कमतरता नाही. कमतरता आहे ती दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात. त्या काळात बाईकडे कुणाचं लक्षच नसतं.

शुगर गेली म्हणजे काय झालं?

गरोदरपणात वार तयार होते. या वारेतून निघणारे काही रस शरीरातल्या इन्सुलिनचं काम अवघड करतात. त्यामुळे बाईच्या स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. ज्यांचं स्वादुपिंड हा भार पेलतं त्यांची साखर आटोक्यात राहते. ज्यांचं पेलत नाही त्यांची वाढते. बाळंतपणात वार पडली की भार उतरतो आणि बहुतेक जणींची साखर काही दिवसांत खाली येते.

होडीचं इंजिन रिकाम्या फेरीला व्यवस्थित चालतं आणि भरल्या फेरीला दम टाकतं, तेव्हा होडी रिकामी केली म्हणून इंजिन दुरुस्त झालं असं कुणी मानत नाही. इथेही तसंच आहे. पहिल्या खेपेने एक इशारा दिलेला असतो. साखर उतरली तरी तो इशारा उतरत नाही.

जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब पाहिला तर एकदा गरोदरपणात मधुमेह झालेल्या महिलांपैकी साधारण निम्म्या जणींना पुढच्या खेपेला तो पुन्हा होतो. दोन बाळंतपणांच्या मध्ये वजन वाढलं तर धोका आणखी वाढतो. २०२० मध्ये २० अभ्यासांतल्या १३ लाखांहून जास्त महिलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. गरोदरपणात शुगर झालेल्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या जवळपास १० पट निघाला.

याच आकड्यात दुसऱ्या खेपेचा मोठा धोका लपलेला आहे. समजा पहिल्या बाळंतपणानंतरच्या तीन वर्षांत बाईला कायमचा मधुमेह झाला आणि तिला ते कळलंच नाही. मग पुन्हा दिवस राहिले. बाळाचं हृदय, मेंदू, मणका यांची घडण पहिल्या आठ आठवड्यांतच होते. त्या दिवसांत आईची साखर खूप वाढलेली असेल तर गर्भपाताचा आणि बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. पाचव्या महिन्यात तपासणी करून ती वेळ परत आणता येत नाही. म्हणूनच पाळी चुकायच्या आधी तपासणी हवी.

‘ही तर बारीक, हिला कसली शुगर?’

गावात सर्रास ऐकू येणारं हे वाक्य आहे. शुगर म्हणजे जाड्या, शहरातल्या, बसून काम करणाऱ्यांचा आजार, असा समज आहे. टोपली डोक्यावर घेऊन फिरणारी किंवा वाडीत राबणारी बाई त्यात बसत नाही, असं लोकांना वाटतं. या समजाला महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने मोठा धक्का दिलाय.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या बायकांची आणि त्यांच्या मुलांची माहिती ठेवायला सुरुवात केली. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन साधारण २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. पण ही लहानखुरी बाळं अंगाने बारीक असूनही त्यांच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त निघालं. हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर ठरलेल्या मर्यादेच्या वर होती. आणि या मुलामुलींपैकी ४८ टक्के जण वजनाने कमी होते.

डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचं आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचं उदाहरण दिलं होतं. उंची-वजनाचा हिशोब दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण मित्राच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे दिसले तरी आत फरक होता.

तेव्हा बारीक आहे म्हणून तपासणी टाळणं चुकीचं. आईला किंवा वडिलांना शुगर आहे, आधीचं बाळ वजनाने मोठं होतं, आधी मूल पोटात दगावलं होतं किंवा पहिल्या खेपेला शुगर निघाली होती, यातलं काहीही असेल तर दुसऱ्या खेपेला सावध राहायला हवं, बाई बारीक असो की जाड.

तपासणी सोपी आहे

सरकारी सूचनेप्रमाणे प्रत्येक गरोदर महिलेची ही तपासणी दोनदा व्हायला हवी. पहिली, नाव नोंदवायला येईल त्याच भेटीत. ती ठीक आली तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. उपाशीपोटी यायची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला तर गरोदरपणातला मधुमेह धरला जातो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. ग्लुकोमीटरवरही ही तपासणी करता येते, त्यामुळे ती उपकेंद्रातही होऊ शकते.

शुगर निघाली तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. त्यानंतर जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली असेल तर तेच चालू ठेवायचं. १२० किंवा जास्त असेल तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिनची भीती बाळगू नये. ते वारेतून बाळापर्यंत जात नाही.

बाळंतपण झालं की सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजचं पाणी पिऊन तपासणी, यावेळी उपाशीपोटी. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या खाली असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर आणि २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. ठीक आला तरी वर्षातून एकदा तपासत राहायचं.

दोरी नेमकी कुठे तुटते?

आगरदांडा आणि दिघीच्या मध्ये राजपुरीची खाडी आहे. अलीकडे मुरूड तालुका, पलीकडे श्रीवर्धन. फेरीबोटीने दोन्हीकडची ये-जा चालते. समजा एखादीचं माहेर दिघीला आणि सासर आगरदांड्याला आहे. नाव नोंदवलं सासरी. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी गेली. बाळंतपण झालं तिकडच्या किंवा मुंबईच्या दवाखान्यात. सव्वा महिना माहेरी काढला आणि बाळ घेऊन सासरी आली. सहा आठवड्यांची तपासणी येते ४२व्या दिवसाच्या आसपास, म्हणजे नेमकी ती माहेर सोडते तेव्हा. माहेरच्या आशाताईला वाटतं आता सासरचे बघतील. सासरच्या आशाताईच्या हातात माहेरच्या दवाखान्याचा कागद नसतो. तपासणी राहून जाते, आणि यात कुणा एकाची चूक धरता येत नाही.

आता बाळाकडे बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायचं असं ठरलेलं आहे. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात. एकूण ११ भेटी. सहाव्या आठवड्यात बाळाला पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाची लस असते आणि आई त्याला घेऊन लसीकरणाला येतेच. म्हणजे जो आठवडा आईच्या साखरेच्या तपासणीचा, तोच बाळाच्या पहिल्या मोठ्या लसीकरणाचा. आई समोर बसलेली असते. बाळाला सुई लागते आणि आई तशीच घरी जाते.

पुढची पोकळी त्याहून मोठी आहे. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात शुगर-बीपीची सरसकट तपासणी ३० वर्षांपासून पुढे होते. गावाकडे पहिलं बाळंतपण बऱ्याचदा २२-२३ व्या वर्षी होतं. म्हणजे ४२ दिवसांनंतर ती गरोदर मातांच्या यादीतून बाहेर पडते आणि शुगरच्या यादीत यायला तिला अजून सात-आठ वर्षं असतात. दुसरी खेप नेमकी याच मधल्या वर्षांत येते. सगळ्यात जास्त धोका असलेली बाई सगळ्यात कमी तपासली जाते.

दुसऱ्या खेपेआधी काय करावं?

पहिली गोष्ट, कागद जपा. माता बाल संरक्षण कार्ड, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि साखरेचे रिपोर्ट यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नवऱ्याच्या मोबाईलवरही पाठवा. कार्डावरचा आरसीएच नंबर लिहून ठेवा. बोट बदलली, तालुका बदलला तरी फोटो सोबत राहतो.

दुसरी, अंतर ठेवा. दोन मुलांमध्ये किमान तीन वर्षं असावीत असा सरकारी सल्ला आहे. तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, निरोध ही साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. या अंतरात शरीर सावरतं आणि वजन उतरवायला वेळ मिळतो.

तिसरी, बाळाला अंगावर पाजा. अंगावर पाजणाऱ्या आईला पुढे मधुमेह होण्याचा धोका कमी होतो असं अभ्यासांत दिसलंय. याला खर्च काहीच नाही.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, दुसरं मूल हवं असं ठरवलं की आधी शुगर तपासा. उपाशीपोटी आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर. शक्य असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणीही करा. आकडा वाढलेला निघाला तर तो आटोक्यात आल्यावरच दिवस राहू द्या. फॉलिक ॲसिडची गोळीही त्याच वेळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर गरोदरपणात त्यातल्या कुठल्या चालतात हे आधीच विचारा. मनाने बंद करू नका.

पाचवी, पाळी चुकली की लगेच नाव नोंदवा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मागच्या खेपेला शुगर होती.’ तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. पहिली तपासणी चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांची सोडू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे जोखमीची माता म्हणून नोंद करून घ्या.

बाळंतपण कुठे करायचं हेही आधी ठरवा. अशा वेळी बाळ मोठं होऊन अडू शकतं, बीपी वाढू शकतं आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून सोय असलेला दवाखाना हवा. मुरूडपासून अलिबागचं जिल्हा सामान्य रुग्णालय सुमारे ५० किलोमीटर आहे. रात्री कळा सुरू झाल्यावर गाडी शोधण्यापेक्षा १०८ आणि १०२ हे नंबर आधीच घरात सगळ्यांना माहीत असावेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे.

भात बंद नाही, हिशोबात

‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी शुगर असलेल्या बाईला घातक आहे. आणि घाबरून उपाशी राहणं तितकंच वाईट.

किनाऱ्यावर सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात किंवा भाकरी. तिन्ही वेळा तांदूळच. तो सोडायची गरज नाही, पण मोजायची आहे. एका वेळी भात किंवा भाकरी, दोन्ही नको. ताटात अर्धा भाग भाजी-पाला, बाजूला मासळी, अंडं, डाळ किंवा वालाची उसळ. मासळी बाधत नाही. मांदेली, बांगडा कालवणात चांगले, रोज तळून नको. सुक्या मासळीत मीठ जास्त असतं, बीपी असेल तर बेतानेच. नाचणी चांगली म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. गूळ हीसुद्धा साखरच आहे. दिवसातून चार वेळा गोड चहा आणि सोबत खारी-बिस्कीट, इथे न दिसणारी साखर जाते.

बाळंतिणीचे डिंकाचे, हळिवाचे लाडू आपली जुनी रीत आहे. शुगर होती अशा बाळंतिणीला रोज दोन-तीन लाडू महिनाभर देण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. उपासाला साबुदाणा आणि बटाटा एकदम साखर वाढवतात. रमजानचे रोजे असोत की चातुर्मासातले उपास, शुगर असलेल्या गरोदर महिलेने डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय धरू नयेत.

डॉक्टरांनी आराम सांगितला नसेल तर रोज ३० मिनिटं चालावं. जेवणानंतर थोडं थोडं चाललं तरी चालतं. घरात दिवसभर काम होतं हे खरं, पण ओट्याजवळ उभं राहणं म्हणजे चालणं नाही.

नुसत्या सल्ल्याने भागत नाही

भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या १९ शहरी रुग्णालयांत सुमारे १६०० महिलांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. गरोदरपणात शुगर झालेल्या महिलांच्या एका गटाला बाळंतपणानंतर आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दिलं, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. सुमारे वर्षभराने पाहिलं तर दोन्ही गटांत साधारण चौथ्या हिश्श्याच्या महिलांची साखरेची स्थिती बिघडलेली होती. फरक नगण्य. अभ्यासाच्या मध्येच कोरोनाची साथ आली होती हेही खरं. पण तान्हं बाळ मांडीवर, रात्रीची झोप नाही आणि घरातलं काम तसंच, अशा बाईला ‘व्यायाम कर’ सांगून फार काही होत नाही, हेही त्यातून दिसतं.

उलट अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या ज्या महिलांना आधी गरोदरपणात शुगर झाली होती, त्यांनी नेटाने वजन उतरवलं आणि चालणं ठेवलं तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे उपाय लागू पडतो, पण तो निभावायला मदत लागते. सासूने अर्धा तास बाळ सांभाळलं आणि घरात सगळ्यांसाठीच भात मोजून शिजला, तर तो निभतो. एकट्या सुनेचं वेगळं ताट फार दिवस चालत नाही. आणि शुगर झाली म्हणून तिला बोल लावणं तर कुठल्याच हिशोबात बसत नाही. वारेच्या रसावर तिचा ताबा नसतो.

ग्रामसभेत मागायची गोष्ट

यासाठी नवी इमारत लागत नाही की नवी योजना. लसीकरणाच्या दिवशी एक चालू ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि ग्लुकोजची पाकिटं ठेवली, तर सहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन आलेल्या आईची तपासणी तिथेच होऊ शकते. तिने फक्त उपाशीपोटी सकाळी लवकर यायचं आणि दोन तास थांबायचं. बाळाच्या ९व्या महिन्याच्या गोवर-रुबेला लसीच्या वेळी पुन्हा, आणि दीड वर्षाच्या बूस्टरला पुन्हा. बाळाच्या लसीच्या तारखा आईच्या तपासणीच्या तारखा झाल्या तर वेगळी आठवण ठेवायची गरजच नाही.

दुसरी मागणी, गरोदरपणात शुगर निघालेल्या प्रत्येक महिलेचं नाव आशाताईच्या वहीत कायम राहावं. ३० वर्षांची अट तिला लावू नये. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय घेता येतो. गावात अशा महिला बोटावर मोजण्याइतक्याच असतील. तेवढी नावं लिहून ठेवणं अवघड नाही.

आगरदांडा ते दिघी पुलाचं काम रेवस-रेड्डी सागरी महामार्गात घेतलेलं आहे. तो झाला की खाडी काही मिनिटांत ओलांडता येईल. पण माहेरच्या कागदापासून सासरच्या वहीपर्यंतचा, पहिल्या बाळंतपणापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता एमएसआरडीसी बांधणार नाही. तो घराने, आशाताईने आणि ग्रामपंचायतीनेच करायचा आहे. ज्या घरात पहिल्या खेपेला शुगर निघाली होती, त्या घराने निदान जुनं कार्ड आजच शोधून त्याचा फोटो काढून ठेवावा. आणि दुसऱ्या पाळण्याचा विचार असेल, तर आधी रक्त तपासून घ्यावं.